सोमवारचा ताप

जीआय पायपावर, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या पायपावर, दिवसभर वेल्डिंग केलं की रात्री जेवणाच्या सुमारास अंग मोडून येतं. आधी तोंडाला गोडसर, धातूची चव येते आणि घसा कोरडा पडतो. मग हुडहुडी भरते, डोकं दुखतं, सांधे ठणकतात. पांघरुणावर पांघरूण घेतलं तरी थंडी जात नाही. पहाटे घाम सुटतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माणूस पुन्हा कामाला उभा राहतो. वैद्यकात याला धातूच्या धुराचा ताप म्हणतात. ताप चढतो तो काम संपल्यावर चार ते बारा तासांनी, त्यामुळे धुराचा आणि तापाचा संबंध पुष्कळदा कुणाच्या लक्षातही येत नाही.

विलक्षण गोष्ट पुढेच आहे. दुसऱ्या दिवशी तोच पाइप, तोच धूर, तेवढाच वेळ. पण ताप बेताचा येतो किंवा येतच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मध्ये एक-दोन दिवस सुट्टी पडली, की कामावर परतल्या दिवशी पुन्हा हुडहुडी. युरोप-अमेरिकेतल्या कारखान्यांत म्हणूनच याला सोमवारचा ताप म्हणायचे. आपल्याकडे साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असेल, तर तो शनिवारचा ताप होईल.

एडवर्ड हेडलॅम ग्रीनहाऊ या इंग्रज डॉक्टरांनी १८६२ मध्ये पितळ ओतणाऱ्या कामगारांच्या या तापावर सविस्तर लिहिलं. १९२७ मध्ये हार्वर्डच्या फिलिप ड्रिंकर यांनी माणसांना लागोपाठ दोन दिवस जस्ताचा धूर हुंगायला दिला आणि दुसऱ्या दिवशी शरीर खरोखरच तो सोसतं हे मोजून दाखवलं. (पुढच्याच वर्षी पोलिओच्या रुग्णांसाठी ‘लोखंडी फुप्फुस’ तयार करणारे ड्रिंकर ते हेच.) कामगार ‘सवय झाली’ म्हणतो, तेव्हा ती नुसती बोलायची पद्धत नसते. चोवीस तासांत त्याच्या श्वासनलिकेत आणि फुप्फुसात काहीतरी बदललेलं असतं. काय बदलतं, हे आता बऱ्याच तपशिलात सांगता येतं. आणि ते समजून घेतलं, की या सवयीवर किती विसंबायचं हेही कळतं.

बीदर जिल्ह्यातल्या हुमनाबाद तालुक्यातलं दुबलगुंडी मी या विषयासाठी मुद्दाम डोळ्यांसमोर ठेवलं आहे. मराठी, कन्नड आणि उर्दू एकाच चावडीवर ऐकू येणारा हा सीमेवरचा मुलूख. रासायनिक धूर म्हटला की आपल्याला मोठ्या शहरांतल्या चिमण्या आठवतात. पण या भागातला माणूस एका वर्षात किती तऱ्हेचे धूर छातीत घेतो, ते पाहा. गेट, ट्रॉली आणि ठिबकचे पाइप जोडणारी वेल्डिंगची दुकानं आता गावोगाव आहेत. हंगामात गुऱ्हाळं पेटतात आणि गुळाला पिवळाधमक रंग यावा म्हणून काही ठिकाणी उकळत्या रसात हायड्रॉसची पावडर पडते. तिच्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो. साखर कारखान्यातही रस उजळायला गंधक जाळून हाच वायू वापरतात. तुरीच्या काड्या, पऱ्हाट्या आणि शेणाच्या गोवऱ्यांवर पेटणारी चूल अजून पुरती विझलेली नाही. हुमनाबादची औद्योगिक वसाहत आणि बीदरजवळचा कोळार परिसर इथे औषधांचे आणि रसायनांचे कारखाने आहेत. या तालुक्यातली कितीतरी तरुण मुलं असल्याच कारखान्यांत पाळीवर जातात.

आणि जिल्ह्याच्या ठाण्याला बिदरी आहे. बहामनी काळापासून चालत आलेली ही कला चांदीच्या नक्षीसाठी जगभर ओळखली जाते, पण तिचा काळा देह मुख्यतः जस्ताचा असतो. साधारण सोळा भाग जस्त आणि एक भाग तांबं मुशीत वितळवतात, एरंडेल आणि राळ मिसळलेल्या मातीच्या साच्यात ओततात, कानशीने घासतात, मोरचूद लावून पृष्ठभाग तात्पुरता काळा करतात, म्हणजे छिन्नीची रेघ दिसते. चांदीची तार ठोकून बसवल्यावर शेवटी किल्ल्यातली माती आणि नवसागर यांचा लेप लागतो आणि जस्त कायमचं काळं होतं, चांदी मात्र पांढरीच राहते. जस्त ४२० अंशांना वितळतं आणि ९०७ अंशांना उकळतं. तांबं एकजीव व्हावं म्हणून मूस जास्त तापवली, की जस्ताची वाफ निघते, हवेला लागताच तिचं जस्ताचं ऑक्साइड होतं आणि पांढरा धूर वर येतो. त्या धुराचे कण एक मायक्रॉनहूनही लहान. वेल्डरच्या आणि ओतकाम करणाऱ्याच्या छातीत जातो तो हाच पदार्थ.

हा धूर ज्या अस्तराला भिडतो, तेही जरा जवळून पाहू. श्वासनलिका छातीत उतरून दुभंगते, मग पुन्हा दुभंगते. असे सुमारे तेवीस टप्पे गेल्यावर वायुकोश येतात. वरच्या टप्प्यांचं अस्तर म्हणजे शेजारीशेजारी घट्ट चिकटलेल्या पेशींचा पातळ थर. काही पेशींवर सूक्ष्म केस असतात आणि ते सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलतात. काही पेशी चिकट श्लेष्मा तयार करतात. केसांच्या हालचालीने तो श्लेष्मा धूळ-जंतूंसकट हळूहळू घशाकडे सरकतो आणि आपण तो नकळत गिळतो. या थराच्या तळाशी असलेल्या पेशी वरची पेशी मेली की तिची जागा भरून काढतात. निवांत बसलेल्या माणसाच्या छातीतूनही दिवसाकाठी दहा हजार लिटर हवा जाते; भट्टीपाशी राबणाऱ्याच्या छातीतून त्याहून पुष्कळ जास्त. शिवाय राबताना माणूस तोंडाने श्वास घेतो. सल्फर डायऑक्साइडसारखा पाण्यात विरघळणारा वायू एरवी बव्हंशी नाकातच अडतो. तोंडाने घेतलेला श्वास ती चौकी चुकवून सरळ खाली उतरतो.

रसायन पेशीत शिरून नेमकं काय बिघडवतं? बहुतेक वेळा घाव पडतो तो प्रथिनांवर. पेशीतलं प्रत्येक प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. ती ठरावीक पद्धतीने दुमडली तरच काम करते. अंडं उकडल्यावर पांढरा भाग घट्ट होतो, कारण उष्णतेने प्रथिनांच्या घड्या उलगडतात. एरवी आत दडलेले, पाण्याला टाळणारे भाग उघडे पडतात आणि एकमेकांना चिकटून गोळा होतात. हे घडायला विस्तवच लागतो असं नाही. सल्फर डायऑक्साइड ओल्या अस्तरावर विरघळून त्याचं बायसल्फाइट होतं आणि ते प्रथिनांना आतून बांधून ठेवणारे गंधकाचे जोड तोडतं. चुलीच्या आणि करपलेल्या तेलाच्या धुरात अॅक्रोलिन असतं. डोळ्यांना झोंबतं ते बरंचसं यामुळेच. ते सिस्टीन नावाच्या अमिनो आम्लाला जाऊन चिकटतं. जस्ताचा सुटा अणू पेशीत जास्त झाला की तोही असल्याच जागा धरतो. तीन वेगळे धूर, पण घडी बिघडते ती प्रथिनांचीच.

अशा बिघाडाला पेशी काय उत्तर देते, याचा पहिला धागा इटलीत एका माशीत सापडला. फेरुच्चो रितोस्सा हे शास्त्रज्ञ फळांवर बसणाऱ्या ड्रोसोफिला माशीच्या अळ्यांतली गुणसूत्रं पाहत होते. कुणीतरी पेटीचं तापमान वाढवून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी गुणसूत्रांवर भलत्याच ठिकाणी फुगवटे दिसले. फुगवटा म्हणजे तिथलं जनुक जोरात कामाला लागलं आहे. रितोस्सांनी हे १९६२ मध्ये प्रसिद्ध केलं, आणि त्याच निबंधात आणखी एक गोष्ट नोंदवली, जिच्याकडे नंतर बऱ्याच जणांचं दुर्लक्ष झालं: डायनायट्रोफिनॉल हे रसायन दिलं तरीही तेच फुगवटे येतात. म्हणजे उष्णता हे एक निमित्त होतं. रासायनिक इजेचा संबंध पहिल्या दिवसापासूनच होता. आपल्याकडे कलकत्ता विद्यापीठात सुभाष लखोटिया आणि त्यांचे मार्गदर्शक ए. एस. मुखर्जी यांनी १९७० मध्ये बेंझामाइड हे रसायन देऊन असाच एक फुगवटा एकट्याने जागा करता येतो, हे दाखवलं. लखोटियांनी पुढे बनारस हिंदू विद्यापीठात याच जनुकावर अनेक दशकं काम केलं. फुगवट्यांतून कोणती प्रथिनं तयार होतात, हे १९७४ मध्ये स्पष्ट झालं. त्यांना आधी उष्माघात-प्रथिनं म्हटलं गेलं आणि रसायनांनीही ती जागी होतात हे पटत गेलं तसं ताण-प्रथिनं हे नाव रूढ झालं.

त्यांतलं सर्वांत अभ्यासलेलं म्हणजे एचएसपी-७०. उलगडत चाललेल्या प्रथिनाचा चिकट भाग ते पकडून ठेवतं. गोधडी शिवताना दोऱ्याला पीळ पडू लागला की बाई तो गाठ बसण्याआधी बोटांत धरते, तसं. एटीपी या इंधनाच्या बळावर ते भाग धरतं, सोडतं, पुन्हा धरतं आणि प्रथिनाला नीट दुमडायला आणखी एक संधी देतं. दुरुस्ती शक्यच नसेल तर असं प्रथिन मोडीत काढायच्या यंत्रणेकडे जातं. त्याचं धाकटं भावंड एचएसपी-२७ पेशीचा आतला सांगाडा सावरतं. अस्तराच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटून राहायला त्या सांगाड्याची गरज असते.

ही प्रथिनं कधी आणि किती बनवायची, हे पेशीला कळतं कसं? यातली साधी, हुशार योजना मला या सगळ्या विषयात सर्वांत आवडते. एचएसएफ-१ नावाचं एक प्रथिन ताण-प्रथिनांची जनुकं चालू करतं. पण शांततेच्या काळात एचएसपी-७० आणि एचएसपी-९० यांनी त्यालाच धरून ठेवलेलं असतं. धूर आला, प्रथिनं बिघडू लागली, की ही मंडळी बिघडलेल्यांच्या मागे लागतात आणि एचएसएफ-१ मोकळं होतं. तीन-तीन एकत्र येऊन ते केंद्रकात शिरतं आणि जनुकं चालू करतं. माशीत तर एचएसपी-७०च्या जनुकावर वाचन करणारं विकर आधीच येऊन थांबलेलं असतं, हुकूम आला की काम सुरू. पुरेसं एचएसपी-७० झालं, बिघाड आटोक्यात आला, की रिकामी झालेली मंडळी एचएसएफ-१ला पुन्हा धरतात आणि जनुक बंद होतं. वेगळा पहारेकरी लागतच नाही. ताण-प्रथिनं किती अडकली आहेत, यावरूनच पेशी नुकसान मोजते.

दुसरी व्यवस्था खास रसायनांसाठीच घडलेली वाटते. एनआरएफ-२ हे प्रथिन पेशीत सतत तयार होतं आणि कीप-१ नावाचा त्याचा जोडीदार ते सतत मोडीत पाठवतो. वीस मिनिटांत निम्मं संपतं. हे पहिल्या नजरेला नासाडीचं वाटतं. पण कीप-१च्या अंगावर सिस्टीनच्या काही नाजूक जागा आहेत आणि अॅक्रोलिनसारखं रसायन आलं की तिथेच चिकटतं. मग कीप-१चं काम अडतं, एनआरएफ-२ साठत जातं, केंद्रकात जातं आणि दोनशेहून अधिक जनुकं चालू करतं. ग्लुटाथिऑन वाढतं, ते विषारी रेणूंना बांधून पेशीबाहेर काढायला मदत करतं. हीम ऑक्सिजनेज-१ हे विकरही वाढतं. तेही ताण-प्रथिनांच्याच घराण्यातलं. ते लोहयुक्त हीम मोडून बिलिव्हर्डिन नावाचं हिरवं द्रव्य करतं. मुका मार लागून काळंनिळं झालेलं कातडं चार दिवसांनी हिरवट दिसू लागतं, ते याच विकराचं काम. तेच विकर श्वासनलिकेच्या पेशीतही असतं. फक्त तिथला हिरवा रंग आपल्याला दिसत नाही.

एनआरएफ-२ नसेल तर काय होतं, हे उंदरांनी दाखवलं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात तिरुमलै रंगसामी, श्याम बिस्वाल आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये हे जनुक काढून टाकलेल्या उंदरांना सिगारेटचा धूर दिला. साध्या उंदरांच्या मानाने त्यांचे वायुकोश लवकर आणि फार जास्त फाटले.

आता सोमवारच्या तापाकडे येऊ. जस्तासाठी पेशीत एक खास प्रथिन आहे, मेटॅलोथायोनीन. १९५७ मध्ये घोड्याच्या मूत्रपिंडात सापडलेलं हे अगदी छोटं प्रथिन. साठ-सत्तर अमिनो आम्लं, त्यांतली वीस सिस्टीन, आणि ती मिळून जस्ताचे सात अणू घट्ट धरून ठेवतात. जस्त वाढलं की एमटीएफ-१ नावाचं प्रथिन ते ओळखून मेटॅलोथायोनीनचं जनुक चालू करतं. जस्ताच्या ताणाने एचएसपी-७०ही जागं होतं. पहिल्या दिवशी या साठ्याची तयारी नसते. जस्ताचा धूर फुप्फुसातल्या भक्षक पेशींना चेतवतो, त्या इंटरल्यूकिन-६ सारखे संदेश रक्तात सोडतात आणि मेंदू ताप चढवतो. अमेरिकेत जोनाथन फाइन, टेरी गॉर्डन आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणसांना तीन दिवस रोज दोन तास, घनमीटरमागे ५ मिलिग्रॅम जस्त-धूर दिला. तिसऱ्या दिवशी तापही कमी होता आणि इंटरल्यूकिन-६ही. पुढच्या वर्षी गॉर्डन यांच्याच गटाने उंदरांत ही सोसण्याची ताकद आणि फुप्फुसात वाढलेलं मेटॅलोथायोनीन एकत्र दाखवलं. बुधवारपर्यंत छातीत साठा तयार होतो. सुट्टीत धूर थांबतो, साठा ओसरतो आणि सोमवारी शरीर पुन्हा पहिल्या दिवशी असतं.

आधी हलका ताण दिला तर पुढचा मोठा घाव सोसतो, हे फक्त जस्तापुरतं नाही. हेसूस व्हिलार आणि आर्थर स्लट्स्की यांनी १९९४ मध्ये उंदीर आधी नियंत्रित तापमानात तापवले, त्यांच्यात एचएसपी-७० वाढू दिलं आणि मग सेप्सिसने, म्हणजे अंगभर पसरलेल्या संसर्गाने, फुप्फुसाला इजा केली. आधी तापवलेले उंदीर कितीतरी जास्त वाचले. जपानमध्ये तोरू मिझुशिमा यांच्या गटाने एचएसपी-७० जास्त बनवणारे उंदीर वापरले. ब्लिओमायसिन या औषधाने फुप्फुसं राठ होतात, ती या उंदरांत कमी राठ झाली. माणसांत फ्रान्समधल्या गटाने १९९५ मध्ये दम्याच्या रुग्णांच्या श्वासनलिकेतल्या पेशी तपासल्या, तेव्हा त्यांत एचएसपी-७० वाढलेलं आढळलं. म्हणजे दम्याचा माणूस शांत बसलेला असतानाही त्याच्या पेशी झुंजत असतात.

इथवर वाचून कुणाला वाटेल, शरीराने सोय केलीच आहे तर थोडा धूर अंगी लागू द्यावा. माझा जीव तुटतो तो इथे. कारण ही सोय वेळेने, प्रमाणाने आणि धुराच्या प्रकाराने बांधलेली आहे.

वेळेचं पाहू. जनुक मिनिटांत चालू झालं, तरी एचएसपी-७० पुरेसं साठायला काही तास जातात. २ आणि ३ डिसेंबर १९८४च्या रात्री भोपाळमध्ये मिथाइल आयसोसायनेटने त्या तासांची वाट पाहिली नाही. सुमारे ४० टन वायू वस्तीवर पसरला. तो प्रथिनांना थेट चिकटतो आणि ओल्या अस्तराला जाळतो. माणसांच्या श्वासनलिकांचं अस्तर सोलून निघालं, फुप्फुसांत पाणी भरलं. मेलेली पेशी जनुक चालू करू शकत नाही. रासायनिक कारखान्यात गळती झाली, तर तिथे वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाची ‘सवय’ त्याला काडीचाही आधार देत नाही. वाऱ्याच्या आडव्या दिशेने पळणं आणि ओलं फडकं नाका-तोंडाला धरणं हेच त्या क्षणी हातात असतं.

दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे. अमेरिकेत रॉबर्ट डेव्हलिन यांच्या गटाने १९९७ मध्ये माणसांना लागोपाठ पाच दिवस ओझोन वायू दिला. खोकला, छातीतली जळजळ कमी होत गेली, दाह दाखवणाऱ्या पेशीही घटल्या. पण फुप्फुस धुऊन काढलेल्या पाण्यात, पेशी फुटल्या की बाहेर येणारं विकर पाचव्या दिवशीही वाढलेलंच होतं. त्रास थांबला होता, पेशी फुटायच्या थांबल्या नव्हत्या. जस्ताचा ताप येईनासा झाला म्हणजे धूर निरुपद्रवी झाला, असं मानायला म्हणूनच कसलाही आधार नाही. वेल्डिंगच्या धुरात जस्ताबरोबर मँगनीज, लोह, कधी क्रोमियम असतं, आणि मेटॅलोथायोनीनची ढाल या सगळ्यांना पुरत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर माणसांत कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातला. वेल्डरना न्यूमोनियाही जास्त होतो. ब्रिटनमध्ये त्यांना न्यूमोकोकसची लस द्यायची शिफारस आहे.

चुलीपुढच्या बाईची गोष्ट तर याहून लांब पल्ल्याची. तिचा धूर एका हंगामाचा नसतो, चाळीस वर्षांचा असतो. वय वाढतं तशी एचएसएफ-१ची तत्परता कमी होते, आणि सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा रोग, झालेल्या फुप्फुसांत एनआरएफ-२ची व्यवस्थाही थकलेली आढळते. म्हणजे गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच राखण ढिली पडते. तेव्हा पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये असलेले संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हा मुद्दा जगापुढे ठेवला: सीओपीडी हा केवळ विडी-सिगारेटचा रोग नाही, जगात तेव्हा सुमारे तीन अब्ज लोक लाकूड-गोवऱ्यांच्या धुरात जगत होते आणि त्यांच्यात तो विडी-सिगारेट न ओढताही होतो. आपल्या घरातल्या आजीचा खोकला म्हातारपणाचा म्हणून सोडून दिला जातो, तेव्हा हे आठवायला हवं.

आणि याच राखणदारांची एक उलटी बाजूही आहे. फुप्फुसाच्या काही कर्करोगांत कीप-१चं जनुकच बिघडलेलं असतं. बिस्वाल यांच्या गटाने हे २००६ मध्ये दाखवलं. तिथे एनआरएफ-२ कायमचं चालू राहतं आणि कर्करोगाच्या पेशीला औषधांपासून वाचवतं. पेशी कुणाची हे ताण-प्रथिनं पाहत नाहीत.

म्हणून गोळी घेऊन ही व्यवस्था वाढवावी, ही कल्पना दिसते तितकी सोपी निघाली नाही. चीनमधल्या चिदोंग भागातल्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सुमारे तीनशे लोकांपैकी काहींना बारा आठवडे ब्रोकोलीच्या कोंबांचं पेय दिलं. त्यातलं सल्फोराफेन एनआरएफ-२ जागवतं. लघवीतून बेंझिनचे बांधलेले अवशेष ६१ टक्के आणि अॅक्रोलिनचे २३ टक्के जास्त बाहेर पडले. आशादायक होतं. पण अमेरिकेत सीओपीडीच्या ८९ रुग्णांवर झालेली सल्फोराफेनची चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा ते घेतलेल्यांच्या फुप्फुसातल्या पेशींत अपेक्षित जनुकं जागी झालीच नव्हती. गुळाबद्दलही इथे लिहायला हवं, कारण धुळीत काम करणाऱ्याला गूळ द्यायची पद्धत आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. लखनौच्या औद्योगिक विषविज्ञान केंद्रातल्या साहू आणि सक्सेना यांनी १९९४ मध्ये उंदरांवर ती तपासली. गूळ दिलेल्या उंदरांच्या फुप्फुसांतून कोळशाचे कण लसीकाग्रंथींकडे जास्त वेगाने हलले. पण तो धुळीवरचा आणि उंदरांतला पुरावा आहे. जस्ताच्या धुरावर गूळ, किंवा वेल्डर मोठ्या विश्वासाने पितात ते दूध, उतारा ठरतं असा अर्थ त्यातून काढता येत नाही.

कामाच्या जागी मात्र करण्यासारखं पुष्कळ आहे, आणि ते महागही नाही. जीआय पाइप जोडायच्या आधी सांध्याच्या दोन्ही बाजूंचा जस्ताचा थर ग्राइंडरने काढला, तर पांढरा धूर फार कमी होतो. ग्राइंडर चालवतानाही मास्क हवाच. काम शटरच्या आत न करता बाहेर, वारा पाठीवरून किंवा बाजूने घेत करावं. ओतकामाची भट्टी असेल तर मुशीच्या वर धुराडं आणि मागे पंखा असा, की धूर तोंडासमोरून न जाता ओढला जाईल. जस्ताचे कण इतके बारीक की उपरणं किंवा रुमाल बांधून अडत नाहीत. एन-९५ मास्क अडवतो. पण तोच मास्क गुऱ्हाळावरच्या सल्फर डायऑक्साइडला थांबवत नाही, कारण तो वायू आहे. तिथला उपाय हायड्रॉस न टाकणं हाच. रस साफ करायला भेंडीच्या झाडाचा चिकट रस आपले लोक पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले आहेत, गूळ थोडा काळपट दिसतो इतकंच. दम्याच्या माणसाने तर गंधकाच्या धुराजवळ राबूच नये. राबताना श्वास जोराचा असतो, आणि अशा वेळी हवेच्या दहा लाख भागांत हा वायू अर्धा भाग असला तरी काही मिनिटांत त्याच्या श्वासनलिका आवळतात.

आणि हुमनाबाद-चिटगुप्प्याच्या दवाखान्यात पावसाळ्यात तापाने फणफणलेला तरुण आला, की मलेरियाची तपासणी होते, डेंग्यूची होते. ती व्हायलाच हवी. त्याबरोबर एक प्रश्न विचारायला अर्धं मिनिटही लागत नाही: काल काय काम केलं होतंस, आणि त्याआधी सुट्टी होती का?